मानसोपचार नर्स व्हायचं असेल तर

नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला मनोरुग्णालयाचं पोस्टिंग लागलं की वर्गात कुजबुज सुरू होते. काही जणी घरी सांगतच नाहीत. कुणाची आई फोन करून विचारते, "मॅडम, तिथं पोरींना एकटं सोडत नाहीत ना?" मी बरीच वर्षं या मुलामुलींना वॉर्डात घेऊन जाते आहे. पहिल्या दिवशी सगळे दाराजवळ घोळका करून उभे असतात. चौथ्या-पाचव्या दिवशी मात्र जेवणाची सुट्टी झाली तरी त्यातले दोघं-तिघं एखाद्या आजींच्या शेजारी बाकावर बसलेले दिसतात. आजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत असतात आणि हे ऐकत असतात. हा लेख त्या दोघा-तिघांसाठी आहे. सर्जिकल किंवा मेडिसिन वॉर्डात काम करताना 'आपल्याला पेशंटशी बोलायला वेळच मिळत नाही' ही रुखरुख ज्यांना लागते, त्या सिस्टर-ब्रदरांसाठीही आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. मानसोपचार विभागात ड्रेसिंग नाही, सलाइनची धावपळ नाही, म्हणून ते हलकं काम, असं आपल्या क्षेत्रातलेच लोक म्हणतात. पाठदुखी असलेल्या किंवा निवृत्तीला आलेल्या सिस्टरांना तिकडे पाठवण्याची पद्धत मी पाहिली आहे. यानं पेशंटचं नुकसान होतं. इतर वॉर्डात मॉनिटर बोलतो, रिपोर्ट बोलतात. इथं पेशंटच्या चालण्यात, झोपेत, ताटात उरलेल्या अन्नात, बोलता बोलता अचानक थांबण्यात काय बदललंय हे तुम्हीच पाहायचं असतं. डॉक्टर राऊंडला काही मिनिटं येतात. उरलेला सगळा दिवस पेशंट तुमच्यासमोर असतो.

एक प्रसंग सांगते. रुग्णालयाचं नाव महत्त्वाचं नाही. बावीस-तेवीस वर्षांचा एक मुलगा भरती होऊन तीन दिवस झाले होते. हॅलोपेरिडॉल चालू होतं. संध्याकाळच्या सिस्टरनी ओव्हर देताना सांगितलं, "हा ऐकत नाही, सारखा फेऱ्या मारतो. आज इंजेक्शन देऊनच टाका, नाहीतर कुणाला झोपू देणार नाही." रात्रपाळीला नुकतीच रुजू झालेली एक मुलगी होती. तिनं ट्रे भरायला घेतला आणि मग थांबली. त्या मुलाच्या शेजारी थोडा वेळ चालली आणि विचारलं, "तुला फिरावंसं वाटतंय, की बसवतच नाहीये?" तो म्हणाला, "सिस्टर, पायात मुंग्या सोडल्यासारखं होतंय. बसलो की जीव जातो." त्याची चप्पल टाचेकडून झिजून गेली होती. तिनं ऑन-कॉल डॉक्टरांना उठवलं. तो आजाराचा क्षोभ नव्हता, औषधाचा दुष्परिणाम होता. त्याला अकॅथिझिया म्हणतात. तेच औषध आणखी टोचलं असतं तर त्रास दुप्पट झाला असता. डोस कमी झाला, प्रोप्रानोलॉल सुरू झालं आणि दुसऱ्या रात्री तो झोपला. एका प्रश्नानं हे घडलं. पण तो प्रश्न सुचायला औषधांचा अभ्यास असावा लागतो. नुसता मायाळू स्वभाव पुरत नाही.

म्हणून माझा आग्रह असा, की नोंदणी झाल्यावर थेट मानसोपचारात येऊ नका. किमान एक वर्ष मेडिसिन वॉर्डात किंवा कॅज्युअल्टीत काढा. आजोबा अचानक बडबडायला लागले, माणसं ओळखेनासे झाले, तर तो वेडेपणा नसून सोडियम घसरलेलं असू शकतं किंवा लघवीचा संसर्ग असू शकतो. सुस्त, फुगलेल्या, कशातच रस नसलेल्या बाईच्या उदासीमागे थायरॉइड असू शकतं. लिथियमवर असलेल्या पेशंटला उन्हाळ्यात जुलाब लागले, हात थरथरायला लागले, चालताना झोक जायला लागला, तर ती पातळी वाढल्याची खूण आहे आणि वेळ दवडून चालत नाही. दारू सुटलेल्या माणसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले तर त्याच्या जिवाला धोका असतो. मनाच्या वॉर्डात शरीराचे आजार दुर्लक्षित राहतात. ते हेरणारी नर्स तिथं फार मोलाची ठरते.

आता शिक्षणाचा रस्ता. बारावी विज्ञान शाखेतून झाली असेल तर बी.एस्सी. नर्सिंग, चार वर्षं. त्यासाठी राज्याची सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागते. नाहीतर जी.एन.एम., तीन वर्षं. दोन्हींनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी घ्यायची. त्यानंतर मानसोपचाराकडे वळायचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला म्हणजे पोस्ट बेसिक डिप्लोमा इन सायकियाट्रिक नर्सिंग, एक वर्षाचा. यासाठी साधारण एक वर्षाचा कामाचा अनुभव मागतात. दुसरा म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग, दोन वर्षांचं. त्यात मानसिक आरोग्य ही स्वतंत्र शाखा आहे. बी.एस्सी.ला ५५ टक्के आणि एक वर्षाचा अनुभव लागतो. ज्यांना पेशंटजवळ राहायचंय त्यांनी डिप्लोमा करावा. ज्यांना शिकवायचंय, संशोधन करायचंय किंवा पुढे विभागाची जबाबदारी घ्यायची आहे, त्यांनी एम.एस्सी. करावं. 'एम.एस्सी. केलं म्हणजे मोठं' या हिशोबानं जाऊ नका. वॉर्डाशी नाळ तुटलेले शिक्षक मी पुष्कळ पाहिले आहेत.

शिकायला जागा निवडताना इमारतीपेक्षा वॉर्ड बघा. बंगळूरची निमहान्स संस्था यात पहिली. डिप्लोमा, एम.एस्सी. आणि पीएच.डी. तिन्ही तिथं आहेत आणि प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून होतो. मराठी मुलं या परीक्षेला फार कमी बसतात, याचं मला वाईट वाटतं. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथं सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था आहे. या ठिकाणांशी क्लिनिकल पोस्टिंग जोडलेलं कॉलेज असेल तर एका वर्षात तुम्ही जे पाहाल ते दहा खाटांच्या खासगी युनिटमध्ये पाच वर्षांत दिसणार नाही. फी भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाला नर्सिंग कौन्सिलची मान्यता चालू वर्षासाठी आहे का, हे स्वतः यादीत पाहा. बंधपत्रावर सही करण्याआधी ते पूर्ण वाचा आणि मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेही ठेवू नका.

नोकऱ्यांचं चित्र कसं आहे? गरज प्रचंड आहे आणि पदं अपुरी आहेत, हे खरं उत्तर. निमहान्सनं २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार असल्याचं दिसलं आणि त्यातल्या बहुसंख्यांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. देशात लाख लोकांमागे सरासरी एक मानसोपचारतज्ज्ञही नाही. ही दरी फक्त डॉक्टर वाढवून भरणार नाही. सरकारी आस्थापनेवर या पदाचं नाव 'मनोविकृती परिचारिका' असं आहे. शब्द जुना आहे, मला तो बदललेला हवा आहे, पण जाहिरात शोधताना तोच शब्द डोळ्यांसमोर ठेवा. सरकारी अधिपरिचारिकेची सुरुवात सातव्या वेतन आयोगानुसार ३५,४०० रुपये मूळ वेतनापासून होते, भत्ते वेगळे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकातही नर्स असते. तिथली बरीच पदं कंत्राटी असतात, पण गावोगावच्या ओपीडी, आशाताईंबरोबरचं काम आणि शेतकरी कुटुंबांच्या भेटी यातून जे शिकायला मिळतं ते मोठं असतं. खासगीत पगार शहरागणिक, मालकागणिक बदलतो आणि बहुतेक ठिकाणी तो कमीच असतो. मुलाखतीत पगार विचारायला लाजू नका. एका पाळीत किती पेशंटमागे किती स्टाफ असतो, हेही विचारा. पन्नास पेशंट आणि एक सिस्टर असं उत्तर आलं तर तिथं तुमच्या हातून फक्त गोळ्या वाटल्या जातील.

व्यसनमुक्ती हे आणखी एक क्षेत्र. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारातच सुरू झालं. ते सुरू करणाऱ्या डॉ. अनिता अवचट त्या रुग्णालयातल्याच मानसोपचारतज्ज्ञ होत्या. ज्यांना रागावलेल्या, खोटं बोलणाऱ्या, पुन्हा पुन्हा घसरणाऱ्या माणसावरही विश्वास ठेवता येतो त्यांनी या वाटेचा जरूर विचार करावा. वृद्धांच्या स्मृतिभ्रंश केंद्रांत आणि मुलांच्या मार्गदर्शन केंद्रांतही आता प्रशिक्षित नर्सना मागणी येऊ लागली आहे.

कायदा शिकल्याशिवाय या वॉर्डात पाऊल टाकू नका. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. रुग्णाला साखळीनं बांधायचं नाही. एकट्याला कोठडीत डांबायचं नाही. सक्तीनं डोक्याचे केस काढायचे नाहीत. त्याला स्वतःचे कपडे घालायचा हक्क आहे. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायचा नाही. शारीरिक बंधन फक्त तेव्हाच, जेव्हा जवळचा आणि तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच उरत नाही. तेही डॉक्टरांच्या आदेशानं, गरजेपुरत्याच वेळेसाठी, लेखी नोंदीसह. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, आणि स्टाफ कमी आहे म्हणूनही बांधायचं नाही. हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा, कारण रात्रपाळीत याच कारणासाठी तुमच्यावर दबाव येईल. याच कायद्यानं मानसिक आरोग्य नर्सला व्यावसायिक म्हणून राज्य प्राधिकरणाकडे नोंदणीची वाटही दिली आहे. म्हणजे हक्क आणि जबाबदारी दोन्ही तुमच्या नावावर येतात.

मग बोलायचं कसं? विद्यार्थ्यांना याचीच सगळ्यात जास्त धास्ती असते. पेशंट सांगतो, शेजारी भिंतीतून माझ्यावर बोलतात. "असं काही नाही हो" म्हटलं की तो तुमच्याशी बोलणं बंद करतो. "हो हो, बोलतात खरं" म्हटलं की तुम्ही आजाराला पाणी घातलं. मी शिकवते ते असं: "मला तो आवाज येत नाहीये. पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे मला दिसतंय. मी इथंच आहे." आवाज काय करायला सांगतो, हे मात्र नक्की विचारायचं, कारण कधी तो इजा करायला सांगत असतो. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, ही भीती सोडून द्या. तसं होत नाही. उलट बऱ्याच जणांना कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. "जीव नकोसा होतो का?" इथून सुरुवात करा आणि उत्तर 'हो' आलं तर तिथंच थांबू नका. काही ठरवलंय का, हे विचारा, त्या माणसाला एकटं सोडू नका आणि लगेच डॉक्टरांना कळवा. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तुम्ही वॉर्डात नसलात तरी तो पाठ असू द्या.

नातेवाइकांशी बोलणं हे याहून अवघड आहे. "बाहेरचं आहे" म्हणून वर्षभर देवऋषीकडे फिरून आलेलं कुटुंब तुमच्यासमोर बसतं. त्यांना अडाणी ठरवलंत तर ते पुढच्या तारखेला येणार नाहीत. "अंगारा लावा, देवाला जा, पण गोळी एक दिवस चुकवू नका," असं म्हटलं की गोळी सुरू राहते. "लग्न केलं की सुधारेल ना?" हा प्रश्न तर ठरलेला. तिथं मात्र स्पष्ट बोलावं लागतं: लग्न हा उपचार नाही, आणि आजार लपवून केलेलं लग्न दोन घरं मोडतं. मराठीत बोलता येणं म्हणजे पेशंटची मराठी बोलता येणं. 'डिप्रेशन' शब्द माहीत नसलेली बाई "जिवाला गोड लागत नाही", "काळजात धडधडतं", "डोकं जड झालंय" असं सांगते. गावाकडून आलेल्या मुली इथं शहरातल्या मुलींच्या पुढे असतात. आपल्या बोलीला कमी लेखू नका.

पुस्तकाबाहेरचा अभ्यास म्हणून सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचे तीन चित्रपट पाहा: स्किझोफ्रेनियावरचा 'देवराई', स्मृतिभ्रंशावरचा 'अस्तु' आणि नैराश्यावरचा 'कासव'. आजारी माणसाबरोबर घरातल्यांचं काय होतं, हे मी तासभर फळ्यावर लिहून शिकवू शकत नाही.

स्वतःची काळजी. मार बसतो का? कधी कधी बसतो, पण बाहेर समजतात तितका नाही आणि बहुतेक वेळा आधी चाहूल लागते. आवाज चढतो, मुठी वळतात, येरझाऱ्या वाढतात. हातभर अंतर ठेवा, दाराकडची बाजू तुमची असू द्या, गळ्यात लांब साखळी, ओढणी किंवा ओळखपत्राची पट्टी नको, केस बांधलेले. पुरुषांच्या वॉर्डात ब्रदर हवेतच, पण ताकदीचा गडी म्हणून नव्हे. शांत आवाजात बोलणारा ब्रदर चार जणांचं काम करतो. आपला खासगी फोन नंबर पेशंटला देऊ नका, दया आली तरी. आणि एक दिवस असा येईल, की घरी सोडलेला पेशंट गेल्याची बातमी कळेल. त्या दिवशी 'मी काय चुकले' हे एकटीनं घरी घेऊन जाऊ नका. इन्चार्ज सिस्टरशी, सहकाऱ्यांशी बसून बोला, आणि गरज वाटली तर स्वतः उपचार घ्या. आपणच मानसिक आजाराची लाज बाळगली तर पेशंटला काय सांगणार?

परदेशाबद्दल विचारणारे पुष्कळ असतात, म्हणून तेही सांगते. अमेरिकेत सायकियाट्रिक नर्स प्रॅक्टिशनर हे वेगळं पद आहे. ती तपासते, निदान करते, औषधं लिहून देते. बऱ्याच राज्यांत डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय आणि काही राज्यांत डॉक्टरांबरोबर करार करून. मुळात नर्स प्रॅक्टिशनर ही कल्पनाच तिथली. १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी पहिला अभ्यासक्रम सुरू केला. आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर हे नाव अतिदक्षता आणि प्रसूतीच्या अभ्यासक्रमांना मिळालं आहे. मानसोपचार नर्स आपल्याकडे स्वतःच्या अधिकारात औषध लिहून देत नाही. एजंट तुम्हाला सांगेल, की इथली एम.एस्सी. झाली म्हणजे तिकडे लगेच प्रॅक्टिशनर. हे खरं नाही. आधी कागदपत्रांची पडताळणी, मग एनक्लेक्स-आरएन परीक्षा, मग तिथं नोंदणीकृत नर्स म्हणून काम, मग तिथल्याच मान्यताप्राप्त विद्यापीठातलं मानसोपचार नर्स प्रॅक्टिशनरचं मास्टर्स किंवा डॉक्टरेट. त्यात देखरेखीखाली ठरावीक तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, आणि शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्राची परीक्षा. इतक्या वर्षांची तयारी आणि तिथली फी परवडणार असेल तर जरूर जा. तिथल्या मराठी कुटुंबांतल्या आजी-आजोबांनाही त्यांच्या भाषेत विचारणारी नर्स हवीच आहे. ब्रिटनमध्ये मानसिक आरोग्य नर्सिंग ही मुळापासून वेगळी शाखा आहे. त्यामुळे तिथं अर्ज करताना कुठल्या शाखेत नोंदणी मागताय, हे आधी ठरवा आणि त्या शाखेतला इथला अनुभव लेखी घेऊन ठेवा. रोजचे तास, वॉर्ड, पद आणि सही, हे सगळं नोकरी सोडतानाच घ्या. पाच वर्षांनी मागायला गेलात तर ती फाइल सापडत नाही.

घरचे विरोध करतील. "मेंटलमध्ये काम करते म्हटल्यावर स्थळं येणार नाहीत," हे वाक्य माझ्या विद्यार्थिनींना आजही ऐकावं लागतं. वाद घालू नका. आईला किंवा वडिलांना एकदा बरोबर घेऊन या, ओपीडीच्या दिवशी. रांगेत त्यांना ओळखीची माणसं दिसतील: शाळेचे मास्तर, दुकानदार, कुणाची तरी सून.

आणि फॉर्म भरण्याआधी तुम्ही स्वतः एक काम करा. तुमच्या जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत सिस्टरांची परवानगी काढा आणि एक अख्खा दिवस बसा. मोबाईल पिशवीत ठेवा. कोण एकटं आलंय, कोण कुणाला घेऊन आलंय, कोण गोळ्या घेऊन निघताना मागे वळून पाहतंय, एवढंच बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावंसं वाटलं तर फॉर्म भरा. वाटलं नाही तर नर्सिंगमध्ये इतर वॉर्ड आहेतच, आणि तिथंही तुमची गरज आहे.